जुन्या लक्झरी कारचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं? 'ईसीयू गेला' म्हणण्याआधी हे वाचा

आपल्या साइटवर मोबाईल, ॲप, लॅपटॉप यांच्याबद्दल नेहमीच बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत वाचलात तर लक्षात येईल की तो तुमच्या फोनपासून फार लांबचा नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आमचं गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मिरचीला भाव लागला की गावात नवीन ट्रॅक्टर येतो, घरावर स्लॅब पडतो आणि कधीकधी एखादी जुनी मोठी गाडीही येते. आमच्या काकांनी दोन वर्षांपूर्वी तेच केलं. २०११ची, युरोपियन कंपनीची सेडान त्यांनी सव्वाचार लाखांत घेतली. नवीन असताना ती तीस लाखांच्या वर होती. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा त्रास कुठल्या एका कंपनीचा नाही.

या दिवाळीत घरी गेलो तर गाडी निंबाच्या झाडाखाली उभी होती आणि काका गप्प होते. पावसाळ्यापासून गाडी विचित्र वागत होती. रात्री आपोआप काचा खाली यायच्या. कुणी हात न लावता दारांचं लॉक टक-टक वाजायचं. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी संपलेली. एक नवीन बॅटरी टाकून झाली, तीही तशीच उतरली. शेवटी काका गाडी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथे स्कॅनर लावला आणि सांगितलं, "ईसीयू गेलाय. एक लाख चाळीस हजार."

काका मला म्हणाले, "पैसे आहेत रे. पण ते पुढच्या मिरचीच्या ठिबक आन् मल्चिंगला ठेवलेत. आता गाडी करू का वावर करू, तूच सांग."

मी म्हटलं, "काका, दोन दिवस द्या. आधी बघू तरी काय झालंय."

'ईसीयू' म्हणजे नेमकं काय?

ईसीयू म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट. सोप्या भाषेत एक छोटा कॉम्प्युटर. आपल्याला वाटतं की गाडीत एकच ईसीयू असतो. साध्या जुन्या गाडीत ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण लक्झरी गाडीत इंजिनचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, ब्रेकचा, एअरबॅगचा, एसीचा, दारांचा, सीटचा आणि म्युझिकचाही वेगळा असे डझनावारी कॉम्प्युटर असतात. म्हणून कुणी "ईसीयू गेला" म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठला?

हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात कसे? त्यासाठी 'कॅन बस' नावाची पद्धत आहे. बॉश कंपनीने ती १९८६मध्ये जगासमोर आणली आणि १९९१च्या सुमारास मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये ती प्रत्यक्ष रस्त्यावर आली. म्हणजे हे तंत्रज्ञान आधी लक्झरी गाड्यांतच आलं. त्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारा असतात आणि सगळे कॉम्प्युटर त्याच दोन तारांना जोडलेले असतात.

याला व्हॉट्सॲप ग्रुप समजा. एकाने मेसेज टाकला की तो सगळ्यांना दिसतो, ज्याला कामाचा असेल तो वाचतो. "गाडीचा वेग ४० झाला" हा मेसेज ब्रेकवाला टाकतो. दारवाला तो वाचून लॉक लावतो आणि म्युझिकवाला आवाज थोडा वाढवतो. दोघांनी एकदम मेसेज टाकला तर ज्याचा नंबर लहान त्याला आधी संधी, म्हणून महत्त्वाच्या मेसेजना लहान नंबर दिलेले असतात.

आता त्या ग्रुपमध्ये एक मेंबर रात्रभर 'गुड मॉर्निंग' टाकत बसला तर? कुणालाच झोप लागणार नाही. काकांच्या गाडीत जवळपास हेच चाललं होतं, पण ते कळायला दीड दिवस गेला.

या गाड्या आपल्या गावात येतात कुठून?

आमच्या भागात याला एक इतिहास आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच वेळी १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींची ती खरेदी देशभर गाजली. आज त्या गाड्यांचं वय पंधरा वर्षांच्या पुढे आहे. दुसरीकडे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, तेव्हा तिकडच्याही महागड्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या.

गाडीची किंमत तीस लाखांवरून चार लाखांवर येते, पण तिच्या पार्टची किंमत चार लाखांच्या गाडीची होत नाही. ती तीस लाखांच्या गाडीचीच राहते. जुनी लक्झरी कार घेणारे फसतात ते इथेच.

इलेक्ट्रॉनिक्स म्हातारं कसं होतं?

चिपला स्वतःहून फारसं काही होत नाही. आजूबाजूच्या वस्तू आधी थकतात.

१. कपॅसिटर: बोर्डावरचे छोटे डबे. आत द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडी उन्हात किती तापते ते वेगळं सांगायला नको.

२. सोल्डरचे जोड: गाडी तापते, थंड होते, खड्ड्यात आदळते. हजारो वेळा असं झालं की जोडाला केसाएवढी भेग पडते. मग 'थंड असताना चालतं, गरम झालं की बंद' असा प्रकार सुरू होतो.

३. डिस्प्ले: मीटरमधले आकडे अर्धवट दिसणं हे जुन्या लक्झरी गाड्यांचं नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा स्क्रीन खराब नसते, तिला बोर्डाशी जोडणारी पातळ पट्टी उष्णतेने सुटलेली असते.

४. मेमरी: फोनच्या स्टोरेजसारखी फ्लॅश मेमरीसुद्धा लिहून-पुसून झिजते. टेस्लाने २०२१मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. ८ जीबीची मेमरी चिप झिजून मधली स्क्रीन बंद पडत होती.

५. पाणी: सगळ्यात मोठा शत्रू हाच. कनेक्टरमध्ये ओल शिरली की तांब्यावर हिरवट थर चढतो. वीज जिथे जायला नको तिथे जाते आणि जिथे जायला हवी तिथे पोचत नाही.

आम्ही काय तपासलं, एकेक करून

पायरी १: विचारपूस. मी काकांना विचारलं, त्रास कधीपासून? "पाऊस लागल्यापासून." कधी वाढतो? "मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी." गाडीत बसलो तर कुबट वास. काकांनी तो घालवायला दोन परफ्यूम लावले होते! पाऊस आणि वास हे दोन पुरावे आधीच समोर होते, पण वर्कशॉपमध्ये ते कुणी विचारले नव्हते आणि काकांनीही सांगितले नव्हते.

पायरी २: बॅटरी. साधा मल्टिमीटर लावायचा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ दिसायला हवं, म्हणजे अल्टरनेटर ठीक. हे करायचंच, कारण व्होल्टेज पडलं की चांगले कॉम्प्युटरही वेड्यासारखे वागतात आणि स्कॅनरवर वीस-वीस खोटे दोष दिसतात. आमची बॅटरी चार्ज केल्यावर १२.६ आली, अल्टरनेटरही ठीक होता. म्हणजे रात्री कुणीतरी वीज पीत होतं.

पायरी ३: स्कॅनर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ अडॅप्टर लावून फोनवरच्या ॲपमध्ये दोषांचे कोड वाचता येतात. पी ने सुरू होणारा कोड इंजिन-गिअरचा, बी बॉडीचा, सी चाक-ब्रेक-सस्पेन्शनचा आणि यू नेटवर्कचा. आम्हाला इंजिनचा एकही कोड नाही मिळाला, मिळाले ते यू वाले: अमुक मॉड्यूलशी संपर्क नाही. स्वस्त अडॅप्टरला दारांचं मॉड्यूल दिसतच नव्हतं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी कंपनीचा किंवा त्या दर्जाचा महागडा स्कॅनर लागतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्कॅनर सांगतो की कोण गप्प आहे. तो का गप्प आहे, हे सांगत नाही. ग्रुपमधला एक मेंबर उत्तर देत नसेल तर तो मेला असं धरायचं नसतं. त्याची बॅटरी संपली असेल, रेंज नसेल. मॉड्यूलचंही तसंच. फ्यूज, अर्थिंग, तुटलेली तार, गंजलेली पिन, काहीही असू शकतं.

पायरी ४: रात्रीची चोरी पकडणं. गाडी बंद करून लॉक केली की अर्ध्या-पाऊण तासात सगळे कॉम्प्युटर झोपतात. तेव्हा बॅटरीतून साधारण ०.०५ अँपिअरपेक्षा कमी करंट जायला हवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह तारेच्या मध्ये जोडला. (असा जोडलेला असताना गाडी स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) चाळीस मिनिटं थांबलो. आकडा ०.९ वरच अडकलेला.

हिशोब करा. ०.९ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला २१.६ अँपिअर-तास. बॅटरी ७० ची. तीन दिवसांत ती जवळपास रिकामी. काका म्हणत होते तेच, "दोन-तीन दिवसांत उतरते." बिचारी नवीन बॅटरी उगाच बदनाम झाली.

अँड्रॉइडमध्ये एखादं ॲप फोनला झोपूच देत नाही आणि सकाळी बॅटरी १२ टक्के दिसते, ते आठवा. अगदी तोच आजार.

पायरी ५: कोणता फ्यूज? एकेक फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेले कॉम्प्युटर परत जागे होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात. तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावला की ज्या फ्यूजमधून करंट जातोय तिथे छोटासा आकडा दिसतो. असा एक फ्यूज सापडला. फक्त तोच काढला आणि करंट ०.९ वरून ०.०३ वर आला. बस! तो फ्यूज होता दारं, काचा आणि लॉक सांभाळणाऱ्या मॉड्यूलचा.

पायरी ६: मॉड्यूल शोधणं. ते ड्रायव्हरच्या पायाखाली, गालिच्याच्या आत होतं. गालिचा उचलला तर खालचा फोम पिळून तांब्याभर पाणी निघालं. मॉड्यूलचा डबा ओला, कनेक्टरच्या पिना हिरव्यागार.

पाणी आलं कुठून?

समोरच्या काचेखाली, वायपरच्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे उतरतं आणि दोन भोकांतून खाली जमिनीवर जातं. आमची गाडी दोन वर्षं निंबाखाली उभी होती. निंबाच्या काड्या, पाला आणि माती यांनी ती भोकं गच्च बुजली होती. पन्हळ भरायची आणि पाणी आत केबिनमध्ये उतरायचं. गाडी घरात ओलसर, बाहेरून मात्र चकाचक.

आता विचार करा. काकांनी १ लाख ४० हजार देऊन नवीन मॉड्यूल टाकलं असतं तर गाडी लगेच ठीक झाली असती. सगळे खूश. आणि पुढच्या पावसाळ्यात नवीन मॉड्यूलसुद्धा त्याच पाण्यात बसलं असतं.

दुरुस्ती कुणी केली?

भोकरदनच्या एका मोबाईल रिपेअरिंगवाल्या दादांनी. तो आधी नको म्हणाला, "भाऊ, गाडीचं कधी केलं नाही." मी म्हटलं, "दादा, पाण्यात पडलेला फोन रोज करता ना? तेच समजा." त्याने डबा उघडला, भिंगाखाली बोर्ड बघितला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने सगळं साफ केलं, हलक्या गरम हवेने सुकवलं. एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर सडलेला होता, तो बदलला. दोन पिनांचे जोड नव्याने सोल्डर केले. आम्ही इकडे गालिचा दोन दिवस उन्हात टाकला, पन्हळीची भोकं तारेने मोकळी केली आणि मॉड्यूल चार इंच वर बसवलं.

खर्च: दादांचे १,२००, कनेक्टर-तार ३५०, मल्टिमीटर ६००. एकूण २,१५० रुपये. करंट परत मोजला: ०.०३. काचा जागेवर, लॉक शांत. मागची एक काच अजूनही ड्रायव्हरच्या बटणाने खाली जात नाही, तिच्या दारातल्या बटणानेच जाते. ते राहिलंय.

वर्कशॉपवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पद्धतीत मॉड्यूल उघडून दुरुस्त करणं बसतच नाही. स्कॅनर नाव सांगतो, ते पार्ट मागवतात. दुरुस्त केलेल्या बोर्डाची हमी त्यांना देता येत नाही. पण त्याची किंमत आपण भरतो.

जुन्या बाजारातून मॉड्यूल आणलं तर?

मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, तिथून आणता आलं असतं. पण लक्झरी गाड्यांत हार्डवेअर हातात असूनही काम होईलच असं नाही. मॉड्यूलला गाडीच्या नंबराशी 'कोडिंग' करावं लागतं. ऑडी-फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत 'कॉम्पोनंट प्रोटेक्शन' असतं, म्हणजे दुसऱ्या गाडीतला ठराविक पार्ट लावला तर कंपनीच्या सर्व्हरने परवानगी दिल्याशिवाय तो नीट चालत नाही. उद्देश चोरी रोखण्याचा आहे, तो चुकीचा नाही. पण पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या प्रामाणिक मालकालाही तोच दरवाजा बंद असतो. आयफोनमध्ये दुसऱ्या फोनची स्क्रीन टाकल्यावर येणारे इशारे तुम्ही पाहिले असतील. तोच प्रकार.

यावर आपल्याकडे लढाई झालेली आहे. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, उपकरणं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत, हा ठपका होता. नंतर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं आणि शेती अवजारांबरोबर वाहनंही आहेत. म्हणजे ट्रॅक्टर, फोन आणि काकांची गाडी यांचा प्रश्न एकच आहे: वस्तू माझी, तर ती दुरुस्त करायचा हक्क कुणाचा?

हे मात्र स्वतः करू नका

- पिवळ्या आवरणाच्या तारा आणि कनेक्टर एअरबॅगचे असतात. तिथे मल्टिमीटर लावायचा नाही, एअरबॅग फुटू शकते.
- हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे जिवावर उठणारं व्होल्टेज. हात लावू नका.
- मॉड्यूल काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून ठेवा.
- ब्रेक आणि एअरबॅगचं मॉड्यूल गल्लीत उघडू नका. काच नाही खाली गेली तर चालतं, ब्रेक नाही लागला तर चालत नाही.
- ओबीडी अडॅप्टर काम झालं की काढून ठेवा. तोही बॅटरी पितो.

जुनी लक्झरी कार बघायला जाताय?

चारही गालिचे हाताने दाबून बघा. कुबट वास आणि भरपूर परफ्यूम असेल तर सावध व्हा. सगळ्या काचा, सीट, सनरूफ, एसीची बटणं एकेक करून चालवा. आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी सकाळी स्वतः स्टार्ट करा. स्कॅनर लावा, आणि कोड एकही नसेल तर विचारा की कालच पुसले का? आणि गाडीच्या किमतीच्या चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला राहत असेल तरच घ्या. हा माझा अंदाज आहे, पण काकांनाही आता तो पटलाय.

कुणी "मॉड्यूल बदलावं लागेल" म्हणालं, मग ती कार असो, फ्रिज असो की फोन, तर तीन प्रश्न विचारा. कुठलं मॉड्यूल? त्याला वीज आणि अर्थिंग पोचतंय हे मोजलं का? आणि ते खराब कशामुळे झालं? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी आता पत्र्याच्या शेडमध्ये असते. मी पुण्याला निघालो त्या दिवशी काका ठिबकच्या नळ्यांचा भाव काढत होते. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं गाडी परत बंद पडली. तर म्हणाले, "अरे, शेजारच्याच्या गाडीचं मीटर अर्धंच दिसतंय. तो तुझा मल्टिमीटर त्याला दिला तर चालतंय का?"